बाबा काय म्हणाले होते

रविवार, ४ फेब्रुवारी

ति. मावशीस साष्टांग नमस्कार. काकांनाही माझा नमस्कार सांग, आणि त्यांचा उजवा हात आता कुठवर उचलला जातो ते कळव. त्यांना पेला धरता येतो असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

तुझं पत्र यायला बारा दिवस लागले. पाकीट एका बाजूने उघडून परत चिकटवलेलं होतं. ज्याने कोणी वाचलं असेल त्याला आता आपल्या नळाला पाणी कधी येतं ते पाठ झालं असेल.

इथे सगळं ठीक. थंडी आहे पण खोलीत ऊब असते. जेवण वेळेवर मिळतं. झोपही लागते. बाहेर काही मोठ्याने आपटलं तरी आता मी पलंगाखाली जात नाही, नुसती पलंगाखाली बघते. शाळेत गणितात वर्गात दुसरी आले. इतिहासात शेवटून दुसरी. म्हणजे दोन्हीकडे दुसरीच आहे असं धर.

चित्रकलेच्या बाईंनी मला त्यांच्या मुलीचा कोट दिला. देताना म्हणाल्या, आमच्याकडे कपाटात जागा अडवतोय, नेलास तर उपकार होतील. घेणाऱ्याला लाजवायचं नाही म्हणून देणाराच आर्जव करतो, अशी माणसं इथे बरीच भेटली. तू दिलेली शाल मी कोटाच्या आतून घेते.

बाबांचं काम तू विचारलंस. तेच, पाट्या रंगवणं. पाच माणसांचा कारखाना आहे. मालक काटकुळे आणि ताठ, म्हणून बाबा त्यांना टाचणीसाहेब म्हणतात. हल्ली पाट्या यंत्रावरच निघतात, पण जुन्या दुकानांना हाताने रंगवलेली पाटी लागते. गंमत अशी की बाबांना इथली लिपी वाचताच येत नाही. टाचणीसाहेब चिठ्ठीवर मजकूर लिहून देतात, बाबा खडूने रेघा आखतात आणि बघून बघून अक्षरं काढतात, इतकी सुबक की वाचता येणाऱ्यांनी लाजावं. एकदा चिठ्ठी उलटी धरली. दातांच्या डॉक्टरांची अख्खी पाटी उलटी रंगवली. पण अक्षरं इतकी नेमकी होती की पाटी फिरवून टांगली आणि काम भागलं, फक्त खिळ्यांची भोकं खालच्या बाजूला गेली. डॉक्टर अजून ती बघून हसतात म्हणे.

तू प्रत्येक पत्रात तेच विचारतेस, बाबा नीट वागतात ना, एका घरात राहता ना, रागावत नाहीत ना. अगं, नीट वागतात. अजिबात रागावत नाहीत. रविवारी आम्ही बसतो, ते सफरचंदं आणतात, मी चहा आणते. ते विचारतात, जेवलीस का. मी म्हणते, हो. मग ते सफरचंद कापतात.

बाकी विशेष काही नाही. काळजी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

ता. क. आपल्या गल्लीतल्या शिंपीणकाकू महिन्यापूर्वी याच गावात येऊन पोचल्या. बाजारात भेटल्या, गळ्यात पडून रडल्या. तुला पत्र लिहिणार आहेत. त्यांचं सगळंच खरं धरू नकोस. राईचा पर्वत कसा करतात ते तुला ठाऊक आहे.


सोमवार, ११ मार्च

मावशी,

नमस्कार. काकांची चौकशी शेवटी करते, आधी हे लिहून टाकते, नाहीतर माझा धीर सुटेल.

तू बाबांना पाठवलेलं पत्र मी वाचलं. काल ते आले, कोट खुंटीला अडकवला, आणि खिशातून पाकीट डोकावत होतं. तुझं अक्षर. मला वाटलं माझंच असणार. "ते माझ्या नावाचं आहे," असं ते म्हणेपर्यंत मी उघडलंसुद्धा. पत्राला मायनाच नव्हता. पहिलंच वाक्य होतं, "तू तिला दुसऱ्यांदा टाकलीस."

शिंपीणकाकूंनी या वेळी काहीही वाढवून सांगितलेलं नाही. मी बाबांकडे राहत नाही. नऊ महिने झाले, मुलींच्या वसतिगृहात आहे. खोलीत आम्ही तिघी. बाबा कारखान्याच्या माडीवर राहतात आणि दर रविवारी मला भेटायला येतात. एकही रविवार चुकला नाही. वसतिगृहाच्या बाईंना त्यांचं नाव उच्चारता येत नाही, म्हणून त्या त्यांना 'रविवार'च म्हणतात. आमच्या खोल्यांचे आकडे पुसट झाले होते, ते त्यांनी न सांगता रंगवून दिले. हे सगळं मी तुझ्यापासून लपवलं. दर पत्रात ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं चाललं होतं माझं.

पण पुढचं शिंपीणकाकूंना माहीत नाही. ते मला आणि बाबांनाच माहीत आहे, आणि बाबा सांगणार नाहीत.

लढाईतून निसटून सीमा ओलांडल्यावर आम्ही निर्वासितांच्या छावणीत पाच महिने होतो. तिथल्या मुलांच्या वर्गात मी इथली भाषा भराभर शिकले. बाबांना जमेना. दवाखान्यात, कचेरीत, सगळीकडे मीच त्यांचं तोंड. ते बोलायचे, मी सांगायचे. समोरचा बोलायचा, मी त्यांना सांगायचे. बरं वाटायचं, खोटं का बोलू. आठ वर्षं ज्यांनी मला विचारलं नाही, त्यांना आता पाण्याचा पेला मागायलाही माझ्याकडे बघावं लागत होतं.

जूनच्या तीन तारखेला आम्हाला मोठ्या कचेरीत बोलावलं. छावणीनंतर कोण कुठे राहणार ते तिथे ठरायचं. त्या दिवशी कचेरीतली दुभाषी आजारी होती. चष्म्याच्या एक बाई होत्या, त्यांनी मलाच सांगितलं की वडिलांना विचार, मुलीला तुमच्याजवळ ठेवायची तयारी आहे का.

मी विचारलं. बाबा पुढे सरकून बसले. माझ्याकडे नाही, त्या बाईंकडे बघत म्हणाले, "सांग त्यांना, खोली कसलीही द्या. मी जमिनीवर झोपेन. पण हिला माझ्याजवळ राहू द्या."

मी बाईंना सांगितलं, "ते नाही म्हणतात."

मावशी, मी हे ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं. आई जायच्या आधी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आपण दोघींनी किती निरोप धाडले होते, ते माझ्या डोक्यात आलं. आणि आता हे जमिनीवर झोपायला निघाले होते. बाईंनी बाबांकडे असं काही बघितलं, की तसं कोणी माझ्याकडे बघू नये. मग कागद पुढे केला. बाबांनी विचारलं, कसला आहे. मी म्हणाले, शाळेचा. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

म्हणजे तू जे लिहिलंस ना, ते सगळं माझ्या पत्त्यावर यायला हवं होतं.

काल तुझं पत्र हातात धरून मी हे त्यांना सांगून टाकलं. भेटीच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मला वाटलं ते उठून जातील. ते सफरचंद कापत होते, कापत राहिले.

"माहीत आहे," म्हणाले.

"कसं?"

"छावणीत पाच महिने मी काय रंगवत होतो? इथून रस्ता नाही. हे पाणी पिण्याचं नाही. धूम्रपान नाही. पाटी झाली की मुकादम मोठ्याने वाचून तपासायचा. मला कळणारा तो एकच शब्द होता."

"मग तिथेच का बोलला नाहीत?"

त्यांनी सुरी पुसली आणि मिटली. "आठ वर्षांपूर्वी तुला आणि तुझ्या आईला मी 'नाही'च सांगून गेलो होतो. तू एकदा सांगितलंस. तुझा हक्क होता."

मग मी आईचं विचारलं. आजवर विचारलं नव्हतं. ती आजारी असताना का आला नाहीत? त्यांनी कामाचं कारण सांगितलं नाही, रस्त्याचं सांगितलं नाही. म्हणाले, घाबरलो. पळालो. त्याला दुसरं काही नाव नाही. मी माफ केलं असं म्हणणार नाही, कारण केलेलं नाही. पण त्यांनी सबब पुढे केली नाही याचं मला बरं वाटलं. आणि मग मी खूप रडले, आणि त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी आणखी एक सफरचंद कापायला घेतलं.

तुझ्या पत्राला उत्तर का दिलं नाहीत विचारलं, तर म्हणाले, "काय लिहिणार? पोरीने केलं म्हणून? तुझी मावशी तिथे एकटी, आजाऱ्याचं करते. तिला रागवायला कोणीतरी हवं. मला रागावू दे."

आता खरं कारण सांगते, हे सगळं आजच का लिहितेय. येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी, म्हणजे एकवीस तारखेला, पुन्हा त्याच कचेरीत जायचं आहे. वसतिगृहात सोळा वर्षांपर्यंतच ठेवतात. वडिलांकडे जायचं नसेल तर मला मोठ्या मुलींच्या वसतिगृहात पाठवतील, ते आगगाडीने सहा तासांवर आहे. तिथे रविवार येणार नाहीत.

मला बाबांकडे राहायचं आहे.

वसतिगृहाच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खरं तेच सांग, पण एक लक्षात ठेव, कचेरीत खोटी माहिती दिली हे तुझ्या कागदांवर कायमचं लागू शकतं, आणि कचेरीतल्या त्या बाईंना रडणं आवडत नाही. म्हणजे जन्माचा शिक्का बसणार, आणि तोही कोरड्या डोळ्यांनी बसवून घ्यायचा.

मावशी, माझ्यावर रागाव. पण एक सांगू? ज्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही असा तुझाच नियम होता, त्याला तूच फोन केलास. काकांना सोडून तुला निघता येत नव्हतं, म्हणून मला त्याच्या हातात दिलंस. बाबांची रंगाच्या डब्यांची गाडी दोन दिवसांत आपल्या दारात उभी राहिली. तू तो फोन केला नसतास तर हे पत्र लिहायला मी नसते. हे मी तुला आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

काका कसे आहेत?

तुझी,
भिंगरी


रविवार, ३१ मार्च

ति. मावशीस साष्टांग नमस्कार.

आधीच्या पत्राचं तुझं उत्तर अजून आलेलं नाही. ते वाटेत असेल किंवा तू रागाने लिहिलंच नसशील. पण मला थांबवेना.

एकवीस तारखेला गेलो. बाबांनी टाचणीसाहेबांचा कोट घातला होता. मालक काटकुळे, बाबा रुंद, त्यामुळे बटणं लागत नव्हती आणि हात पाठीमागे नेता येत नव्हते. चष्म्याच्या बाई त्याच. या वेळी दुभाषी हजर होती, एक तरुण बाई, फार भरभर बोलणारी. मला वाटलं, बरं झालं, आज माझं तोंड मोकळं.

बाईंनी काही विचारायच्या आतच मी सांगितलं. मागच्या वेळी वडील हो म्हणाले होते. नाही मी म्हणाले. कागद शाळेचा आहे असं सांगून सहीसुद्धा मीच घेतली. रडले नाही. बाईंनी चष्मा काढला, बाबांकडे वळल्या आणि दुभाषीकरवी विचारलं, हे खरं आहे का.

बाबा म्हणाले, "नाही. पोरीने बरोबर सांगितलं होतं. मीच नको म्हणालो होतो."

कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की मुलीच्या कागदांवर शिक्का बसेल. वसतिगृहाच्या बाईच असणार. मावशी, हे लिहून घेतलं की संपलं. पोरीला नको म्हणणाऱ्या बापाकडे कोण पोरगी ठेवणार? आणि त्यांनाही ते कळत होतं. सहा तासांच्या आगगाडीचं त्यांना मीच सांगितलं होतं.

मी इथल्या भाषेत म्हणाले, "बाबा खोटं बोलतायत."

दुभाषीने ते लगेच बाबांना सांगितलं. बाबा माझ्यावर डाफरले, "तू गप्प बस." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि त्या गुणी बाईने तेही बाईंना सांगितलं, "वडील म्हणतात, तू गप्प बस." मग चष्म्याच्या बाईंचे ओठ थोडे हलले. हसू होतं की नाही, अजून सांगता येत नाही.

त्यांनी कागद बाजूला सारला आणि एकच विचारलं. मुलगी तुमच्याकडे आली तर झोपेल कुठे?

दुभाषी तोंड उघडत होती, पण बाबांनी हात वर केला. त्यांना प्रश्न कळला होता. ते इथल्या भाषेत बोलू लागले. आता त्यांना येते ती सगळी भाषा पाट्यांवरची, त्यामुळे ते बोलले तेही तसंच. "एक खोली. मधोमध फळ्या. मुलीसाठी राखीव. कडी आतून. आत येण्यापूर्वी कृपया दार ठोठावा."

एरवी मी हसले असते.

बाईंनी विचारलं, हे कधी केलंत?

"सात जून."

त्यांनी मागचे कागद उलटले. माझी तारीख तीन जून. त्यांनी बोट ठेवून ती दोनदा वाचली आणि दुभाषीला म्हणाल्या, विचारा यांना, मुलगी येणार नाही हे ठरल्यावर चार दिवसांनी यांनी तिची खोली केली?

बाबा आपल्या भाषेत म्हणाले, "कधीतरी येईल. तेव्हा घाईघाईत केलेलं नको."

मी नऊ महिने त्यांच्यासमोर दर रविवारी चहा पीत होते आणि हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बाई रडू देत नाहीत म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले. वर पाहिलं तर चष्मा पुसायचं काम बाईंचंच चाललं होतं.

शिक्का बसला नाही. बाईंनी लिहिलं, मागच्या वेळी अधिकृत दुभाषी नसल्यामुळे वडिलांचं म्हणणं नीट नोंदलं गेलं नाही. यात खोटं काहीच नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मला बजावलं की यापुढे कचेरीत तू फक्त स्वतःचं बोलायचं. तीन महिन्यांनी त्या घर बघायला येणार आहेत. मी त्यांचे आभार मानले, त्या दुभाषीचेही मानले, आणि दारातल्या पहारेकऱ्याचेसुद्धा मानले, त्याचा काही संबंध नसताना.

मंगळवारी मी इकडे बाबांकडे आले. वसतिगृहाच्या बाईंनी पलंगपोस दिला आणि म्हणाल्या, आता रविवारी माझ्याकडे कोण येणार. खोलीतल्या दोघी जिन्यापर्यंत आल्या.

फळ्यांची ती खोली पाच पावलं लांब आणि चार पावलं रुंद आहे. खिडकी माझ्या बाजूला आली आहे, त्यांच्या बाजूला उजेड नाही, म्हणून ते दिवसा दिवा लावून बसतात. सगळ्या गावाच्या पाट्या रंगवणारा माणूस, पण या फळ्या मात्र कोऱ्या ठेवल्यात. विचारलं तर म्हणाले, तुला कोणता रंग आवडतो ते मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांना माझा आवडता रंग माहीत नाही, याचा आधी राग आला आणि मग नाही आला. मला तरी त्यांचा कुठे माहीत आहे. आम्ही अजून जेवताना फारसं बोलत नाही. ते मीठ कमी घालतात, मी वरून घेते, आणि ते बघून न बघितल्यासारखं करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जाताना त्यांनी माझं दार ठोठावलं आणि मी 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभे राहिले.

मावशी, तुझं ते पत्र त्यांनी फाडलेलं नाही. म्हणतात, त्यातलं निम्मं खरं आहे, ते ठेवायला हवं. उरलेलं निम्मं माझं होतं. ते मला लिही, चांगलं चार पानं लिही, मी वाचीन. पण त्याआधी त्यांना एक पत्र धाड. माफ केलं असं लिही, असं मी म्हणत नाही, मीच अजून पुरतं केलेलं नाही. आईचं जे आहे ते आहे. पण वर मायना घाल, आणि खाली एवढंच लिही, की पोरीला तू टाकली नव्हतीस. ते मी त्यांना दहादा सांगितलं, पण मी मुलगी पडले, माझ्या बोलण्याचा ते काय भरवसा धरणार. तुझ्या हातचं त्यांना वाचू दे.

पाकिटावर नाव त्यांचंच घाल. पत्ता आता आमचा एकच आहे.

काकांच्या हाताला माझा हात.

तुझी, आणि हे आज पहिल्यांदाच लिहितेय, बाबांचीही,
भिंगरी